आठ हातांची आई

गणपती बोळवले की गावाचा आवाज एकदम उतरतो. मांडवांचे बांबू रस्त्याच्या कडेला आडवे पडतात, सुतळीचे तुकडे चिखलात रुततात, आणि भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा कुणी न बोलावता येऊन बसतो. त्याला ऋतू म्हणून कुणी मोजत नाही. पाऊस धड गेलेला नसतो, ऊन धड आलेलं नसतं. दुपारी अंगाची लाही होते आणि संध्याकाळी आभाळ उगाच गुरगुरून निघून जातं. कुंपणांना तेरडा फुललेला असतो, त्यावर चतुर भिरभिरत असतात. लग्नाची बोलणी होत नाहीत, नवं कापड कुणी घेत नाही, आणि भिवंडीसारख्या कापडाच्या गावात ते लगेच जाणवतं. दुकानदार गल्ल्यावर कोपर टेकून रस्त्याकडे बघत बसतात.

माझ्या मनात हा पंधरवडा एका प्राण्याशी जोडला गेला आहे. तो प्राणी मी जिवंत असा आजवर पाहिलेला नाही. पाहिला तो पुस्तकांत, आणि बाबांच्या कॉलेजात काचेच्या बरणीत.

परवा भाचीची मुलगी तिचं नवं पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसली. त्यात एक गुलाबी ऑक्टोपस होता. आठही हातांत आठ दात घासायचे ब्रश, डोक्यावर टोपी, आणि या कानापासून त्या कानापर्यंत हसू. कान नसतात त्याला, पण चित्रात होते. "मावशीआजी, हा मस्त आहे ना?" तिनं विचारलं. मी "हो" म्हटलं, पण मन दुसरीकडेच गेलं. आमच्या लहानपणी ऑक्टोपस हसत नव्हता.

आमच्या शाळेच्या वाचनालयाचं एकच कपाट होतं. त्यातल्या साहसकथांमध्ये ऑक्टोपस हमखास यायचा, बहुतेक शेवटून दुसऱ्या प्रकरणात. समुद्राच्या तळाशी बुडालेलं गलबत, त्यात खजिना, आणि खजिन्यावर हा पसरलेला. पाणबुड्याच्या पायाला विळखा पडायचा, पाणी काळं व्हायचं, मग कंबरेचा सुरा निघायचा. एकेक हात तुटून पडायचा, आणि आम्ही श्वास रोखून पान उलटायचो. त्या हातांचं पुढं काय होत असेल, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

मोठ्यांच्या वाचनातही त्याची सुटका नव्हती. वर्तमानपत्राच्या अग्रलेखात महागाईचा ऑक्टोपस असायचा, भ्रष्टाचाराचा असायचा, आणि त्याचा विळखा दर आठवड्याला आणखी घट्ट व्हायचा. बाबा प्राणिशास्त्र शिकवत. असा अग्रलेख वाचला की ते चहाचा कप खाली ठेवत आणि म्हणत, "त्या बिचाऱ्यानं यांचं काय घोडं मारलंय?" आई स्वयंपाकघरातून हसायची.

बाबांच्या प्रयोगशाळेत एक ऑक्टोपस होता. औषधी पाण्यात वर्षानुवर्षं बुडून पांढुरका पडलेला, एवढासा, माझ्या दोन ओंजळींत मावेल इतका. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा फसवल्यासारखं वाटलं. "हा लहान आहे का?" मी विचारलं. "नाही, पूर्ण वाढलेला आहे," बाबा म्हणाले. "बहुतेक एवढेच असतात. पुस्तकातले वाढतात, कारण लेखकाला जहाज बुडवायचं असतं."

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही गावातल्या एका चाळवजा इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायचो. आई जवळच्या मराठी शाळेत चौथीला शिकवायची, मीही तेव्हा चौथीत होते. नारपोलीच्या बाजूनं कापड विणणाऱ्या लूमची खटखट अखंड यायची. ती इतकी अखंड, की ती चालू आहे हे आम्हाला शुक्रवारी, लूम बंद असताना कळायचं. शुक्रवारी दुपारी गावावरून कसलं तरी ओझं उतरल्यासारखी शांतता असायची. पाण्याचा नळ ऐकू यायचा. कुणाच्या तरी घरातला रेडिओ ऐकू यायचा.

त्या वर्षी मुलांच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी आईकडे गोष्ट मागितली. आई शाळेत गोष्टी छान सांगते, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. आई हरखली. लिहायचं काय, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी बाबाच म्हणाले, "ऑक्टोपसवर लिही. आईवर लिही, ऑक्टोपसच्या आईवर. मुलांना एकदा तरी कळू दे की तो कुणाचा तरी मुलगा असतो."

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. मादी खडकाच्या कपारीत अंडी घालते. एकेक अंडं तांदळाच्या दाण्याएवढं. ती त्यांचे घोस कपारीच्या छताला लावते, द्राक्षांसारखे. मग ती तिथून हलत नाही. हातांनी घोस साफ करते, त्यांच्यावर पाण्याचा झोत सोडत राहते म्हणजे त्यांना ताजं पाणी मिळावं, जवळ येणाऱ्या माशांना हाकलते. आणि या सगळ्या काळात ती काही खात नाही. आई ऐकता ऐकता पीठ मळायची थांबली होती.

"आणि पुढं?" तिनं विचारलं.

"पुढं पिल्लं बाहेर येतात आणि ती मरते," बाबा म्हणाले.

आईनं पुन्हा पीठ मळायला घेतलं. "ते नाही लिहायचं."

"का? तसंच होतं."

"होत असेल. मुलांचा अंक आहे. दिवाळीचा आहे."

यावर त्यांचं खूप दिवस चाललं. भांडण म्हणता येणार नाही, पण जेवताना, कपडे वाळत घालताना, मध्येच कुणीतरी तो विषय काढायचं. बाबांचं म्हणणं, खोटं सांगायचं तर सुरा घेतलेला पाणबुड्या काय वाईट होता? आईचं म्हणणं, मुलांना सगळं कळायला आयुष्य पडलंय, दिवाळीत तरी आईला मारू नका. आज मागं वळून बघताना मला दोघांचंही पटतं. तेव्हा मी आईच्या बाजूला होते. माझी आई जिवंत होती, समोर बसून पोळ्या लाटत होती. मला दुसऱ्या कुठल्या शेवटाची गरज नव्हती.

आमच्या वर्गात जयवंती होती. सगळे तिला जयू म्हणायचे. नारपोलीच्या जुन्या गावठाणातलं आगरी कुटुंब, भोवती चारी बाजूंनी लूमचे कारखाने उठले होते आणि मध्ये ती कौलारू घरं तशीच राहिली होती. जवळच्या पूर्णा गावाच्या अंगाला त्यांची थोडी भातशेती होती. वडील बाळाराम, तेही लूमवर ड्युटी करायचे. बोलायचे फार कमी. घर चालवायची ती आजी, हिराबाय. जयूची आई यमुना जयूच्या जन्माच्या दिवशीच गेली होती.

जयूला वाचता यायचं, पण अडखळत. म्हणून आई तिला शाळा सुटल्यावर घरी बोलवायची. शिकवणी तासाभराची, पण जयू संध्याकाळपर्यंत रेंगाळायची. ती कामसू होती. आईनं नको म्हटलं तरी कपबश्या विसळून ठेवायची. आणि ती कधीही आमच्याकडे पहिला घास घ्यायची नाही. सगळ्यांनी घेतला की मग घ्यायची. मला ते फक्त दिसायचं, त्याचा अर्थ लावायची अक्कल नव्हती.

एका शुक्रवारी, पितृपक्ष लागल्यावर, आईनं गोष्ट लिहून पुरी केली आणि आम्हा दोघींना समोर बसवून वाचून दाखवली. नाव ठेवलं होतं, 'आठ हातांची आई'. खिडकीबाहेर लूम गप्प होते. आईचा आवाज चांगला होता, तिनं कपार डोळ्यांसमोर उभी केली. मोठा मासा येतो, आई त्याला पिटाळते. खेकडा समोरून तिरका चालत जातो, आईच्या तोंडाला पाणी सुटतं, पण ती जागची हलत नाही. मग एके दिवशी अंडी फुटतात आणि आई सगळ्या पिल्लांना हातांवर घेऊन समुद्र दाखवायला निघते.

मी टाळ्या वाजवल्या. बाबा कोपऱ्यात पेपर तपासत होते. मान वर न करता ते स्वतःशीच पुटपुटले, "कुठली निघते? मरते ती."

जयूनं ऐकलं. "कोन मरतं, सर?"

आईनं बाबांकडे असं काही पाहिलं की मी अजून विसरलेले नाही. पण प्रश्न विचारून झाला होता, आणि विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं बाबांना जमत नसे. त्यांनी पेन खाली ठेवलं. "ऑक्टोपसची आई. पिल्लं बाहेर आली की ती मरते, जयू. खऱ्या समुद्रात तसं होतं."

 फ्रॉकच्या टोकाशी चाळा करत जयूनं विचारलं, "मंग, पिल्लांनी तिना खाल्ली का?"

"छे! पिल्लं कशाला खातील?"

"मी खाल्ली," ती म्हणाली. "माज्या आयशीला. आजी बोलते, आयशीला खाऊन आयली."

तिच्या आवाजात रडू नव्हतं, तक्रारही नव्हती. आपलं नाव, आपली इयत्ता सांगावी तशी तिनं ती गोष्ट सांगितली. आईनं हातातले कागद मांडीवर ठेवले. मला एवढंच आठवतं की त्या शांततेत खालच्या मजल्यावरचं कुणीतरी बादली ओढत होतं आणि तो आवाज संपतच नव्हता.

बाबा उठून तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसले. कॉलेजातल्या मुलांशी बोलत तसेच ते तिच्याशी बोलले, लहान मुलांसाठी राखून ठेवलेला आवाज त्यांच्याकडे नव्हता. "नीट ऐक. पिल्लं अंड्यात असतात. तांदळाएवढी. त्यांना काही करताच येत नाही. ऑक्टोपसच्या आईचं शरीरच असं घडलेलं असतं की अंडी घातल्यावर तिची भूक जाते. पिल्लं झाली नसती तरी ती फार जगली नसती. आणि माणसाची आई तशी नसते. माणसाची आई बाळंतपणात जाते तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं. रक्त थांबत नाही, ताप चढतो. बाळानं काही केलेलं नसतं. कुठल्याही बाळानं, कधीही. कळलं?"

जयूनं मान हलवली. कळलं होतं की नाही, देव जाणे. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला. "तिनं पिल्लांना पायलं का? मरायच्या आदी?"

 "ते मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "शेवटी ती पाण्याचा जोरानं झोत सोडते आणि पिल्लांना कपारीबाहेर लोटते, एवढं पाहिलेलं आहे. तिला ती दिसतात का, ते नाही सांगता येत."

त्या संध्याकाळी जयू घरी गेल्यावर आईनं शेवटचं पान काढून ठेवलं आणि नवं लिहायला बसली. बाबा जिंकल्यासारखे वागले नाहीत. त्यांनी चहा केला, तिच्याजवळ ठेवला आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

पुढच्या आठवड्यात अविधवा नवमी होती. पितृपक्षातले बाकीचे दिवस इतर पितरांचे. नवऱ्याआधी गेलेल्या बाईसाठी हा एक दिवस. त्या दिवशी तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. ती सवाष्ण जेवली म्हणजे गेलेली जेवली. हिराबायनं यमुनेची सवाष्ण म्हणून आईला बोलावलं. स्वतः आमच्या जिन्याशी येऊन, पदर सावरून म्हणाली, "बाई, पोर तुमच्या हाताखाली हाय. तुमीच या." शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं, पितरांचं जेवण आणि तेही कुणाकडं, म्हणून. आईनं हो म्हटलं आणि मला बरोबर नेलं.

नारपोलीतलं ते घर बाहेरून कळकट आणि आतून लखलखीत होतं. शेणानं सारवलेली जमीन, कोपऱ्यात भाताच्या कणग्या, भिंतीला लागूनच्या कारखान्यातल्या लूमच्या धडधडीनं मांडणीवरची भांडी बारीक थरथरत होती. मागच्या दारी अळू माजलं होतं. हिराबायनं पहाटेपासून रांधलं होतं. तांदळाची खीर, उडदाचे वडे, अळूचं फदफदं, लाल भोपळ्याची भाजी. कौलांवर घास ठेवला, कावळा लगेच आला. हिराबायनं हात जोडले. "यमुना आली," ती म्हणाली.

आईला पाटावर बसवलं. ओटी भरली. पान वाढलं. बाळारामदादा दाराशी उभे होते, शिफ्ट बदलून आलेले, केसांत सुताचे पांढरे धागे तसेच. जयू खिरीचं भांडं घेऊन आली. लांब परकरात तिचा पाय अडकला आणि थोडी खीर पानाबाहेर सांडली.

"बघ, बघ," हिराबाय म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. सवयीनंच ती बोलली. "आयशीला खाऊन आयली न् आता आयशीचं पानबी सांडते."

आईनं घास उचलला होता. तो तिनं पानात परत ठेवला.

"आजी," ती म्हणाली, "मी नाही जेवत."

घरात कुणाला काही समजेना. सवाष्ण पानावरून उठली, तर गेलेली उपाशी जाते. हे आईलाही माहीत होतं. मी तिच्याकडे बघत राहिले, कारण मी तिला कधी कुणाच्या घरी असं वागताना पाहिलं नव्हतं.

"काय चुकलं, बाई?" हिराबायचा चेहरा उतरला.

"तुमचं रांधणं नाही चुकलं. पण यमुनेचं पान आहे ना हे? मग तिच्या जागी बसून मी हे कसं ऐकून घेऊ? तिच्या लेकीला असं बोललेलं तिला चाललं असतं का?"

हिराबाय चुलीपाशी उभी होती. तिनं हातातला झारा खाली ठेवला. आता ती रडेल असं मला वाटलं, पण ती चिडली. "तुमी शिकलेले, बाई. तुमाला बोलाया सोपं हाय. ही पोर मी वाडवली. शेरडीचं दूध कापसाच्या बोल्यानं पाजलं हिना. रातरात मांडीवर घेऊन बसली मी. तवा कनच्या शाळंची बाई नव्हती आयली."

  हिराबाय खरं बोलत होती. मोठी झाल्यावर मी या प्रसंगाचा खूप विचार केला आहे. दुसऱ्याच्या घरी, त्याच्या माणसाच्या श्राद्धाला, त्याच्याच पानावर बसून त्याला शहाणपण सांगायचं, हे बरोबर होतं का? आई म्हातारपणीही म्हणायची, "मला आजही ठरवता येत नाही. पण तो घास माझ्या घशाखाली गेला नसता."

शेवटी बोलली ती जयू. खिरीचं भांडं तसंच दोन्ही हातांत धरून तिनं विचारलं, "आजी, आयशीनं मना पायलेली का?"

हिराबायनं तिच्याकडं पाहिलं. मग दाराशी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडं पाहिलं. बाळारामदादांनी मान फिरवली. म्हातारी हळूहळू खाली बसली, चुलीला पाठ लावून.

"पायलेली," ती म्हणाली. "मंग? पायलेली तर. तू बाहेर आयलीस न् रडत न्हवतीस. सुईणीनं पाठीवर थोपटलं तवा रडलीस. यमुना बोलली, द्या मना. मी दिली. तिनं तुना छातीशी धरली. तुजी बोटं मोजली, हाताची न् पायाची. मना बोलली, आत्याबाय, नाक माज्यावर गेलंय. हसली. मंग बोलली, थंडी वाजते." हिराबाय थांबली. "मी गोदडी आणाया गेली. आयली तवर सगलं रगात, रगात."

लूम धडधडत होते. भांडी थरथरत होती.

"हे मना कदी न्हाय सांगितलंस," जयू म्हणाली.

"कसं सांगू?" म्हातारी म्हणाली. "तोंडातून येत न्हाय. ते दुसरं येतं. ते सोपं हाय."

बाळारामदादा आत आले. त्यांनी जयूच्या हातातलं भांडं घेतलं आणि स्वतः आईच्या पानात खीर वाढली. "जेवा, बाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला असावा. आई जेवली. तिनं पान स्वच्छ केलं. डोळ्यांतलं पाणी ती पुसत नव्हती, कारण उजवा हात उष्टा होता आणि डावा हात हिराबायनं धरून ठेवला होता.

हिराबायनं ते शब्द मागं घेतले नाहीत, माफी मागितली नाही. तसं काही त्या घरात कुणाला येतही नव्हतं. त्यानंतरही एकदोनदा रागाच्या भरात "आयशीला..." एवढं तिच्या तोंडातून निघालेलं मी ऐकलं आहे. पण पुढचं ती गिळायची. जयू मात्र बदलली. म्हणजे एकदम हुशार झाली असं नव्हे, वाचताना अडखळायचीच. पण येता-जाता ती आमच्या आरशात आपलं नाक बघू लागली.

दिवाळीत अंक आला. आईची गोष्ट छापली होती, रंगीत चित्रासह. चित्रातली ऑक्टोपसची आई पिल्लांना घेऊन हसत पोहत होती. नवा शेवट संपादकांनी काढून टाकला होता आणि स्वतःच दोन ओळी जोडल्या होत्या. "मग सगळे आनंदात राहू लागले," असं काहीसं. आईनं ते पान खूप वेळ वाचलं. जयूलाही तिनं दाखवलं. जयूनं बोट लावत, अडखळत वाचून काढलं आणि म्हणाली, "बाई, हे खोटं हाय." मग आईला वाईट वाटलं असेल असं वाटून म्हणाली, "चित्र बेस हाय पन."

त्यानंतर आईनं छापण्यासाठी काही लिहिलं नाही. निवृत्त होईपर्यंत ती दर वर्षी चौथीच्या वर्गाला भाद्रपदात ही गोष्ट सांगायची, तिच्या शेवटासह. तिच्या शेवटात ती आई मरते, पण त्याआधी पाण्याचा एक लांब झोत सोडते आणि तांदळाएवढी पिल्लं उजेडाकडं निघतात. एकदोघा पालकांनी तक्रार केली. मुलं रात्री रडली म्हणे. आई म्हणाली, "रडू दे की. जवळ घ्या आणि रडू दे."

पुढं मी मोठ्यांची पुस्तकं वाचली. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि पोहताना त्यातलं एक थांबतं. त्याचं रक्त निळं असतं. त्याचे हात आपापला विचार करतात. ही सगळी माहिती मी बाबांना वाचून दाखवायचे, बाबांना ती आधीच ठाऊक असायची, तरी ते ऐकायचे. नव्या पुस्तकांत तो आता राक्षस राहिलेला नाही. मुलांच्या पुस्तकात तो ब्रश घेऊन हसतो, मोठ्यांच्या पुस्तकात तत्त्वज्ञासारखा गूढ होऊन बसतो. मला दोन्हीकडं काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. कपारीत बसलेली, उपाशी, घोस साफ करणारी ती बाई कुठल्याच पुस्तकात मला पुरती सापडली नाही.

नव्वदचं दशक सरता सरता जयूचं लग्न झालं. काल्हेरचं सासर, नवरा टेम्पो चालवायचा. तेव्हा काल्हेरला शेतांत पहिली गोदामं उभी राहू लागली होती. दिवस राहिल्यावर ती माझ्याकडे आली. मी तेव्हा नोकरीला लागले होते. चहाचा कप हातात धरून ती म्हणाली, "शुभा, मला भीती वाटते गं. मरायची नाही. मी गेले तर या पोराला कोण काय बोलेल, त्याची." मी तिला हजार गोष्टी सांगायला हव्या होत्या. मी फक्त तिच्याजवळ बसले.

माघातली थंडी होती. कळा सुरू झाल्यावर तिला भिवंडीतल्या दवाखान्यात आणलं. आई आणि मी तिथं पोचलो. हिराबाय आधीच येऊन बाकावर बसली होती, पार वाकलेली, हातात पितळी डबा. सकाळची दुपार झाली. मुलगी झाल्याचं नर्स सांगून गेली आणि लगेच आत धावपळ सुरू झाली. रक्त जातंय, असं कुणीतरी म्हणालं. जयूचा नवरा रक्ताच्या बाटलीसाठी पळाला. बाळारामदादा भिंतीला टेकून उभे राहिले, त्यांचे ओठ पांढरे पडले होते. हिराबाय मात्र बाकावरून हलली नाही. नर्सनं दुपट्यातली पोर तिच्या मांडीवर आणून ठेवली, तेव्हा तिनं तिला छातीशी धरलं आणि दाराकडं बघत राहिली. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघींपैकी कुणीही देवाचं नाव घेतल्याचं मला ऐकू आलं नाही.

ऊन उतरता उतरता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "थांबलंय. आता ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आत गेलो तेव्हा जयू उशीला टेकून बसली होती. चेहरा कागदासारखा पांढरा, पण डोळे उघडे. हिराबायनं डबा उघडला. मऊ भात होता, वर तूप. तिनं बोटांनी तो कालवला आणि जयूच्या तोंडाशी धरला. जयूनं घास घेतला. मग दुसरा घेतला. बाळ शेजारी जागं झालं होतं, मुठी चोखत होतं. म्हातारीनं उष्टा हात तसाच हवेत धरून त्याच्याकडं वाकून पाहिलं.

"बघ गो बाय," ती त्याला म्हणाली. "बघ, तुजी आय जेवतेय."